दाराजवळची रांग

साठच्या दशकात मी बालवाडी शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला पुण्याला गेले, तेव्हा वर्गाच्या भिंतीवर एक लांबलचक तक्ता टांगलेला होता. मूल कधी मान धरतं, कधी बसतं, कधी उभं राहतं, पहिला शब्द कधी बोलतं, दोन शब्द कधी जोडतं, हे सगळं त्यावर चित्रांसकट दिलेलं. चित्रातलं मूल गोरंगोमटं, गुटगुटीत आणि सतत जमिनीवर. कधी पालथं पडलेलं, कधी रांगत, कधी खुर्चीला धरून उभं. पहिल्या दिवसापासून मला त्या तक्त्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. काय ते कळायला आठवडा गेला. त्यात एकही मूल कुणाच्या कडेवर नव्हतं.

आमच्या मुळशीकडे मूल जमिनीवर कमीच असायचं. चार महिने जमीन ओली, उरलेले आठ महिने विंचू-किरडूचं भय, आणि आई भाताच्या खाचरात. म्हणून मूल कडेवर, आणि कड थोरल्या बहिणीची. मी आमच्या घरातली थोरली. माझ्यानंतरची धाकली, म्हणजे माझी एकुलती एक बहीण, माझ्या डाव्या कडेवर वाढली. अजूनही कुठे रांगेत ताटकळत उभी राहिले की माझी डावी कंबर आपोआप बाहेर येते आणि शेजारची बाई मला विचारते, कंबर दुखते का हो?

तर त्या वर्गात एक दिवस शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, तीन वर्षांचं मूल बोलत नसेल तर कारणं काय असू शकतील? मुलींनी भराभर हात वर केले. कानाचा दोष, मेंदूचा दोष, मोठी भीती, घरात भांडणं. मी म्हटलं, "तिला गरजच पडली नसेल." बाई खूश झाल्या. म्हणाल्या, पुढच्याच पानावर तेच दिलंय. मी पान उलटलं तर खरंच होतं. मुलाची प्रत्येक इच्छा सांगण्याआधीच पुरी होत राहिली तर बोलणं लांबतं, असं छापलेलं. कुठल्या लांबच्या देशात बसून कुणीतरी आमच्या घरातली गोष्ट लिहून ठेवली होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण आला तो राग. बोलणं लांबतं, एवढं एकच वाक्य. जिनं त्या इच्छा पुऱ्या केल्या तिचं पुढे काय झालं, त्याबद्दल एक अक्षर नाही.

ते मीच सांगते.

आमची वाडी माले गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्यापलीकडे. शाळा मालेत, मारुतीच्या देवळाशेजारी, एका खोलीची. त्या शाळेत बसायची एक पद्धत होती. पुढे मुलगे, त्यांच्या मागे मोकळ्या मुली, आणि शेवटी उंबऱ्याला लागून पोरं सांभाळणाऱ्या मुली. ही रांग गुरुजींनी लावलेली नव्हती, त्यांच्या आधीपासून ती तशीच होती. मांडीवरचं मूल रडलं की मुलीनं गुपचूप उठायचं, बाहेर पिंपळाखाली जायचं आणि ते गप्प झालं की परत यायचं. गुरुजी शिकवायचे थांबत नसत. तुझ्याकडे बघतही नसत. तू नसताना जे शिकवलं ते गेलं.

माझ्या शिक्षणाला त्यामुळे भोकं पडली होती. तिनाचा पाढा मला तीन सक अठरापर्यंत यायचा आणि मग एकदम तीन नव्वे सत्तावीस. मधल्या वेळेला मी पिंपळाखाली होते. घरी विचारावं तर शाळा कुणीच पाहिलेली नव्हती. मोकळ्या मुलींना विचारायची मला लाज वाटायची, कारण त्या हसायच्या.

मला शाळा फार आवडत असे. का, ते विचारू नका, आवडायची. म्हणून मी एक गोष्ट शिकले, धाकलीला रडूच द्यायचं नाही. तिनं खांद्यावर थापटलं की पाणी. कान धरला की झोप. मानेवर नाक घासलं की तिला लगेच बाहेर न्यायचं, नाहीतर माझं परकर-पोलकं भिजलंच. भूक लागली की ती माझी वेणी तोंडात घालायची, मग मी कनवटीचा भाकरीचा तुकडा तिच्या हातात द्यायचे. हे सगळं माझ्या पाटीवरची नजर न हलवता चालायचं. रांगेतल्या बाकीच्या पोरींची पोरं दिवसातून कितीदा तरी ओरडायची, आमची कधीच नाही. गुरुजी म्हणायचे, "हिचं पोर शहाणं." मला ती माझीच शाबासकी वाटायची.

शहाणं पोर तिसरं वर्ष लागलं तरी एक शब्द बोलेना.

आता कुणी म्हणेल, तूच तिला मुकी ठेवलीस. म्हणा खुशाल. सात-आठ वर्षांच्या पोरीला वर्गात बसायचं होतं आणि बसायचा तो एवढाच मार्ग होता. मला त्याचं आजही काही वाईट वाटत नाही.

घरात मात्र हळूहळू काळजी सुरू झाली. आमच्याकडे माझी विधवा आत्या राहायची, ती घरातली वैद्य. तिनं वेखंड उगाळून मधातून धाकलीच्या जिभेला लावलं. ते झाल्यावर पोपटाचा उष्टा पेरू. पोपटानं चोच मारलेला पेरू खाल्ला की पोर पोपटासारखं बोलतं, यावर आत्याची पक्की श्रद्धा. तो पेरू मिळवायचं काम माझ्याकडे. परसातल्या झाडाखाली मी मान वर करून उभी, कडेवर धाकली. पोपट येत, पण पेरू पूर्ण पोखरून टाकत, नाहीतर ज्याला चोच मारत तो शेंड्यावरचा असे. शेवटी एक हाती लागला. धाकलीनं तो आवडीनं खाल्ला आणि माझ्या गालावर चापट मारली. मला कळलं, आणखी एक हवाय. मी दुसरा दिला, साधा. आत्या म्हणाली, "बघ, हितंच चुकलीस. उष्ट्यावर साधा खाल्ला, गुन गेला."

त्याच वर्षी भाताच्या लावण्या आटोपल्यावर बालवाडीच्या बाई आल्या. पुण्यात शिकलेल्या, गोल साडी नेसणाऱ्या, वयानं आमच्या धाकट्या मावशीएवढ्या. एस्टीतून पौडला आणि पौडहून पुढे मालेला, बरोबर एक पत्र्याची ट्रंक. देवळाच्या सभामंडपात बालवाडी भरू लागली. ट्रंकेतून निघाले लाकडाचे ठोकळे, भोकांत बरोबर बसणारे छोटे-मोठे दट्टे, बटणं लावायची चौकट, आणि लहान लहान केरसुण्या, लहान घागरी. मुलानं आपल्या हातानं करून शिकायचं, मोठ्यांनी मध्ये यायचं नाही, असं बाईंचं सांगणं होतं. पोरांनी दट्टे काढून ती भोकं धान्य मोजायच्या अदल्या-पायल्या म्हणून वापरली आणि मंडपातल्या मातीची मापं भरली. बाईंनी दोन दिवस, "असं नाही, असं," करून पाहिलं आणि मग हात टेकले. पुढे त्याच मातीच्या मापांनी पोरांना मोजायला शिकवताना मी बाईंना पाहिलं.

गावाला खरा धक्का केरसुण्यांचा बसला. शेजारची काकू आईला म्हणाली, "झाडायला घरी काय कमी हाय का? शिकाया धाडलं, तर बाई तितं बी झाडायलाच लावतीया!"

बालवाडी सुरू झाली आणि गुरुजींनी वर्गात सांगितलं, तपासणीला साहेब येणार आहेत, आता कडेवरची पोरं शाळेत आणायची नाहीत. तिकडे मंडपात ठेवायची. दाराजवळची रांग एका दिवसात उठली. बाकीच्या पोरींची भावंडं दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी दट्ट्यांत रमली. आमची रमेना. मी मंडपाच्या पायरीवरून पाय खाली टाकला की ती श्वास कोंडून काळीनिळी व्हायची. बाईंना तिचं काही कळायचं नाही. खांद्यावर थापटलं तर त्या तिला थोपटायच्या, कान धरला तर कान दुखतो म्हणून बघायच्या. मग मी परत मंडपात जाऊन बसायचे. शाळेची खिडकी तिथून दिसायची. मोकळ्या मुली आत पाढे म्हणायच्या, आणि आता मीही मोकळीच व्हायला हवी होते.

आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, एका संध्याकाळी सरळ सांगितलं. आप्पा तापट नव्हते, पण एकदा बोलले की बोलले. "सुगीला तुजी आय खाचरात आसनार. पोर बालवाडीत बसली तर तू शाळंत जा. न्हाई बसली तर तू घरी ऱ्हायचं. दसऱ्यापतुर बघू."

 आईनं माझ्याकडे बघितलं आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं. एकदा घरी बसलेली पोर परत शाळेत गेली असं आमच्या वाडीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना हे सांगितलं आणि रडले. बाईंनी मला गप्प केलं नाही, रडू दिलं. मग त्यांनी देवळातली झांज घेतली आणि धाकलीच्या पाठीमागे जाऊन वाजवली. धाकली दचकून वळली. "कान चांगले आहेत," बाई म्हणाल्या. नंतर दोन दिवस त्या नुसत्या आम्हा दोघींकडे बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मला पायरीवर बोलावलं.

"मघाशी तिला पाणी हवंय हे तुला कसं समजलं?"

"खांद्यावर थापटलं तिनं."

"आणि झोप आली की?"

"कान धरती. अन् भायेर जायचं आसलं की मानंवर नाक घासती. भूक लागली की वेनी चावती."

बाई हसल्या. "म्हणजे ती बोलते की! फक्त हातानं बोलते आणि तुझ्याशीच बोलते. मग तोंड कशाला उघडेल? आम्हाला शिकवलंय, मुलाला मागण्याआधीच मिळालं तर ते मागायला शिकत नाही. आता असं कर, तिनं खुणा केल्या की थोडं न कळल्यासारखं कर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मला कळतंय तर न कळल्यावानी कसं करू? ती रडंल."

"थोडी रडेल."

"रडली की मला उठावं लागतं."

"कुठून उठायचंय आता?" बाई म्हणाल्या. "शाळेत तर तू बसतच नाहीस."

त्या हे मऊपणानंच म्हणाल्या, पण मला ते फार लागलं. मी घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. धाकलीचं कळलं तरी न कळल्यासारखं करायचं, असं बाई म्हणाल्या. आत्यानं ते ऐकलं आणि तिचे डोळे चमकले. "म्हंजी पथ्य हाय," ती म्हणाली.

आमच्याकडे पथ्य म्हणजे पथ्य. काविळीचं औषध घेतलं की तेल-मीठ बंद, मग कुणाचं लग्न असो की सण. अर्धवट पाळलेलं पथ्य न पाळल्यापेक्षा वाईट. आत्यानं त्याच रात्री नियम घालून दिले. धाकली तोंडानं मागत नाही तोवर तिच्याशी कुणी बोलायचं नाही. तिच्याकडे बघायचंही नाही, कारण बघितलं की खूण दिसते. जेवण पुढ्यात ठेवायचं, पाणी पुढ्यात ठेवायचं, बाकी काही नाही. कुंपणावरून काकूलाही बजावलं. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. आप्पांनीसुद्धा. आपल्या पोरीसाठी काहीतरी करायला मिळतंय याचं त्यांना बरंच वाटत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

धाकली पहिल्या दिवशी एकेकाजवळ गेली. आईचा पदर ओढला, आप्पांच्या गुडघ्यावर बसली, माझ्या खांद्यावर थापटलं. कुणी हललं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चुलीमागच्या भिंतीला टेकून बसली आणि तिनं हातही हलवायचे सोडून दिले. ना थापटणं, ना कान धरणं. मी आयुष्यात नंतर बऱ्याच गोष्टींना भ्याले, पण तेवढी भीती मला पुन्हा वाटली नाही. होतं नव्हतं ते बोलणंही गेलं, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी बालवाडीत तिचे हात मांडीवर तसेच पडलेले बाईंनी पाहिले. मला विचारलं, मी काही बोलले नाही, कारण पथ्याची वाच्यता करायची नाही असं आत्यानं सांगितलं होतं. दिवेलागणीला बाई ओढा ओलांडून आमच्या घरी आल्या. आम्ही सगळे भाकरी खात होतो. कुणाचा शब्द नाही, नुसता चावल्याचा आवाज. बाई दारातच थबकल्या. हळूच म्हणाल्या, "कुणी गेलं का घरातलं?"

आत्यानं ओठांवर बोट ठेवलं. "तुमचंच पथ्य चाललंय बाई."

बाईंना आधी काही समजेना. समजलं तेव्हा त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी कोपऱ्यातल्या धाकलीकडे बघितलं आणि हसणं थांबलं. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. आम्हाला जे शिकवतात त्यात आई दिवसभर घरात असते आणि मुलाशी बोलत असते. ते मी गृहीत धरलं. अहो वहिनी, बोला तिच्याशी! खूप बोला. स्वयंपाक करताना, पाणी भरताना, काय करताय ते सांगत राहा. फक्त तिच्या वाटचं तुम्ही बोलू नका. तिला विचारा आणि थांबा. उत्तराला जागा ठेवा."

आईनं हातातला घास खाली ठेवला आणि धाकलीला उचलून पोटाशी धरलं. "मंग ह्ये आदी सांगायचं व्हतं ना बाई," ती म्हणाली. "तीन दिस माजी पोर बोलन्यावाचून उपाशी ठिवली म्या." आईला कुणावर आवाज चढवताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून आमचं घर बोलायला लागलं. आईला सुरुवातीला लाज वाटायची. लहान पोराशी मोठ्या माणसासारखं काय बोलायचं? "ह्ये बघ, म्या पीठ मळतीया," असं म्हणून ती इकडेतिकडे बघायची, कुणी ऐकलं तर नाही ना. आत्या तर मुळातच बडबडी. ती धाकलीला विचारायची, "भात पायजे का भाकर?" आणि दम न घेता, "भाकरच खा, भात गार झालाय," असं आपणच उत्तर द्यायची. आप्पा बैलांशी बोलायचे तसं बोलत. "चल. बस. घे." पण ते थांबायचे मात्र बरोबर. बैलांची सवय.

सगळ्यांना जमत गेलं, मला जमेना. बाई मंडपात मला थांबायला सांगायच्या आणि धाकलीचा हात माझ्या खांद्याला लागायच्या आत माझा हात तांब्याकडे गेलेला असायचा. ती माझी हुशारी होती, तीच सोडायची होती. शेवटी बाईंनी मला सगळ्यात खालच्या पायरीवर बसवलं, मंडपाकडे पाठ करून. "वळायचं नाही. काही झालं तरी वळायचं नाही. मी आहे आत."

मी बसले. समोर ओढा, ओढ्यापलीकडे हिरवीगार खाचरं, आंबेमोहोर भाताला नुकता फुलोरा येत होता. पाठीमागे तिची पावलं वाजली. ती एकेक पायरी बुडावर घसरत खाली आली आणि माझ्या खांद्यावर थापटलं. मी गप्प. पुन्हा थापटलं. तिला तहान लागली होती. मला ते कळत होतं. तिच्या हाताच्या वजनावरून कळत होतं की घसा अगदी सुकलाय. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन त्यांच्यावर बसले. तिनं माझी वेणी ओढली. मग वेणी चावली. मी ओढ्याकडे बघत रडत होते आणि मनातल्या मनात बाईंना शिव्या देत होते, त्या वयात येत होत्या तेवढ्या सगळ्या.

थोड्या वेळानं पावलं परत वर गेली. घागर लवंडल्याचा आवाज झाला आणि बाईंनी टाळी वाजवली. धाकलीनं स्वतः पाणी घेतलं होतं. अर्धं अंगावर सांडलं होतं, अर्धं प्याली होती. शब्द मात्र नव्हता. दसरा जवळ आला होता.

नंतर काही दिवस असेच गेले. मी पायरीवर, धाकली वर. ती माझ्याकडे यायची ती कमी कमी. मी काही शिकत नव्हते आणि तीही बोलत नव्हती. घरी आप्पा काही विचारत नसत, पण संध्याकाळी विळ्यांना धार लावायला बसत, तेव्हा मी तिथून उठून जायचे.

दसऱ्याच्या दोन दिवस आधीची दुपार. बालवाडी सुटली आणि मी रोजच्यासारखी मंडपात गेले, डावी कंबर बाहेर काढली, वाकले आणि हात पुढे केले. "चल गं." धाकली माझ्यापुढे उभी. तिच्या हातात एक छोटी केरसुणी होती. तिनं माझ्या कडेकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली.

अगदी स्पष्ट. आत्याच्याच ठसक्यात. मग ती माझ्या बाजूनं गेली, पायऱ्यांवरून एकेक करत घसरत उतरली आणि वाटेला लागली.

ओढ्यात पाणी घोट्याएवढं होतं. तिथे मी पुन्हा वाकले. "न्हाई." गोट्यांवरून पडत, भिजत, उठत ती पलीकडे गेली. मी तिच्या मागे चालत होते आणि माझे हात रिकामे होते, ते कुठे ठेवायचे तेच मला समजत नव्हतं. मी आनंदानं ओरडत जायला हवं होतं. मी गप्प चालत होते. मला तिचा राग आला होता, एवढं सगळं केलं आणि पहिला शब्द कुणाला, तर मलाच, आणि तोही असा.

घरात मात्र सण दोन दिवस आधीच आला. धाकलीला जो तो काहीबाही विचारत होता आणि ती प्रत्येकाला तेच एक उत्तर देत होती. भात पायजे? न्हाई. भाकर? न्हाई. आप्पांकडं येतीस? न्हाई. आप्पा हसून हसून खोकायला लागले. आत्या म्हणाली, "पेरूच तो. वाईच उशिरा लागू पडला." आईनं कुणाचं श्रेय काढून घेतलं नाही, तिनं मारुतीला नारळ ठेवला आणि बाईंना पोहे पाठवले. झोपताना आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "दसरा झाला की जा शाळंत."

पुढे प्रशिक्षणात मी शिकले की लहान मुलाचं 'नाही' म्हणजे हट्ट नव्हे, आपण वेगळे आहोत हे त्याला कळल्याची ती खूण असते. त्यावर परीक्षेत मी पानभर उत्तर लिहिलं आणि त्याला चांगले गुण मिळाले. आमच्या बाईंनी ते ट्रंकेतून आणलं होतं, पुस्तकवाल्यांनी लिहून ठेवलं होतं, आणि ते खरं होतं. माझ्या स्वतःच्या बालवाडीत पुढे जी थोरली बहीण धाकट्याला घेऊन आली, तिला मी पहिल्यांदा जवळ बसवून घेत असे. धाकट्याचं नंतर.

दसऱ्यानंतर शाळेत गेले तेव्हा गुरुजींनी मला मोकळ्या मुलींत बसवलं. खिडकीजवळ. पाटी मांडीवर घेतली तर मांडीवर एवढी जागा आहे याचंच मला नवल वाटलं. गुरुजी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. बाहेर पिंपळ नेहमीसारखा सळसळत होता आणि मंडपातून पोरांचा गलका येत होता. त्या गलक्यातून मला तिचा आवाज वेगळा ऐकू आला. तसा आवाज मी आधी कधी ऐकलेला नव्हता, तरी तो तिचाच हे मला कळलं.

"पानी."

मी अर्धी उठले. पाटी मांडीवरून घसरली. गुरुजी वळले. "काय गं?"

मला सांगायचं होतं की तिला पाणी हवंय. पण ते तिनं सांगितलं होतं. मी पाटी उचलली. "काय न्हाई, गुरुजी," म्हणाले आणि खाली बसले.

तिकडून पुन्हा आवाज आला, "पानी, बाई." आणि मग नाही आला. कुणीतरी तिला पाणी दिलं असणार. मला डोळ्यांतल्या पाण्यामुळे फळा नीट दिसत नव्हता. बोटांनी डोळे पुसले आणि बघितलं, तर गुरुजी तिनाचा पाढा लिहीत होते आणि तीन सक अठराच्या खाली आले होते. तीन सत्ते एकवीस, त्यांनी लिहिलं. तीन अठ्ठे चोवीस. मी पाटी सरळ केली आणि उतरवून घेतलं.